कळव्याच्या धक्क्यावरचा तेलवाला

सहदेव जातीने तेली. कल्याणात पारनाक्याच्या मागे त्याच्या वडलांचा घाणा होता आणि त्या घाण्याभोवती फिरणाऱ्या बैलाच्या मागे मागे चालण्यातच त्याचं लहानपण गेलं. तेल कसं ओळखावं हे त्याला कोणी बसवून शिकवलं नाही. तिळाचं, करडईचं, एरंडाचं, करंजाचं, कुठलंही असो, डोळे मिटून बोटावर थेंब घेतला की तो नाव सांगायचा, वर दाणा जुना होता की नवा तेही सांगायचा. पण घराघरात घासलेटच्या चिमण्या आल्या, दिव्याच्या तेलाचं गिऱ्हाईक तुटलं, मागोमाग वडील गेले, बैल गेला, आणि तिशी गाठायच्या आत सहदेव बिनघाण्याचा तेली झाला.

बायको शेवंतीला घेऊन तो कळव्याला आला तेव्हा अठराशे नव्वद साल उजाडलं असेल नसेल. खाडीच्या काठी एका ठेकेदाराने दगडी धक्क्याचं काम काढलेलं. पाया घ्यायचा होता पाण्याखालच्या खडकावर. म्हणून मातीचा बांध घालून खाडीचा एक तुकडा अडवला होता आणि आत दोन पुरुष खोल खड्डा खणला होता. भरतीला बांधाबाहेर पाणी चढलं की ते मातीतून, खडकाच्या भेगांतून आत पाझरायचं. ते उपसायला एक पंप होता आणि पंपाला फिरवायला वाफेचं इंजिन. इंजिनाला चार लोखंडी चाकं होती, बैल जोडून ते हवं तिथे ओढून नेता येई, म्हणून सगळे त्याला गाडीच म्हणत. गाडी जुनी होती. दोन मालकांकडे राबून, तिसऱ्याच्या हाती आलेली.

शेवंतीला माती वाहायची पाटी मिळाली, सहदेवला तेलवाल्याचं काम. गाडी चालवायचे अण्णा मेस्त्री. साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पहिल्या दिवशी सहदेवच्या हातात लांब चोचीची बुधली दिली आणि त्याला गाडीच्या जाड चाकापाशी नेलं. ते चाक ज्या लोखंडी आसावर फिरे तो आस दोन्ही बाजूंना पितळेच्या वाट्यांमध्ये बसवलेला होता. वाट्यांच्या डोक्यावर तेलाची एकेक डबी, डबीत लोकरीची वात. वातीतून थेंब थेंब तेल खाली आसावर उतरायचं.

"आग विझली तर परत पेटवता येते," अण्णा म्हणाले, "पाणी संपलं तर भरता येतं. पण तेल तुटलं आणि पितळेने आस धरला की गाडी मेली. मग तिला उघडून बसावं लागतं आठ-आठ दिवस."

सहदेव ते काम मन लावून शिकला. रोज सकाळी डब्या भरायच्या, दिवसभर तासातासाला हाताची उलटी बाजू वाट्यांना लावून ऊब बघायची. दर शनिवारी काम सुटलं की जुनं तेल बदलायचं. डब्या रिकाम्या करायच्या, वाती घासलेटात धुऊन पिळायच्या, खालच्या थाळीत साठलेलं काळं तेल फडक्यातून गाळायचं आणि ते फडकं उजेडात धरून निरखायचं. काजळी दिसली तर चिंता नाही. पिवळी चमक दिसली तर पितळ झिजायला लागलंय असं समजायचं. वर्षभरात गाडीच्या आवाजावरून तो सांगू लागला की कुठली वात सुकलीय आणि पंपाचा पट्टा कुठे सैल पडलाय. अण्णा कोणाची तारीफ करत नसत. पण दुपारी भाकरी खायला जाताना ते गाडी सहदेवच्या हवाली करून जाऊ लागले, आणि सहदेवला तेवढं पुरे होतं.

पौष लागला आणि तेलाचा नवा डबा आला. गोविंदा मुकादमाने तो ठाण्याहून आपल्या मेव्हण्याच्या ओळखीने आणवलेला. सहदेवने झाकण काढून बोट बुडवलं, तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं. एरंडेल होतं. पण नुसतं एरंडेल नव्हतं.

"मुकादम, ह्याच्यात मोहाचं तेल मिसळलंय," तो म्हणाला.

"बरं मग?"

"मोहाचं तेल थंडीत थिजतं. तुपासारखं घट्ट होतं. वातीतून उतरायचं नाय."

मुकादमाभोवती चार माणसं उभी होती. तो हसला. "तुला तेल घालायला ठेवलाय रे, चाखायला नाय. घाण्यावर नायस तू आता."

माणसंही हसली. सहदेवचे कान तापले. त्याने झाकण लावलं आणि डबा उचलून गाडीपाशी नेला. अण्णांच्या कानावर घालायचं त्याने मनाशी ठरवलं होतं, पण अण्णा त्याच आठवड्यात हिवतापाने फणफणून ठाण्याला आपल्या घरी जाऊन पडले. गाडी सहदेववर आणि आग घालणाऱ्या तानाजीवर आली. पहिले काही दिवस हवा उबदार होती, तेल उतरत होतं. आपण उगाच घाबरलो असं सहदेवला वाटलं. मग थंडी वाढली, आणि शनिवारी त्याने थाळीतलं तेल गाळलं, फडकं मावळतीच्या उजेडात धरलं, आणि त्यावर सोनाराच्या दुकानातली धूळ असावी तशी बारीक पिवळी चमक दिसली.

मुकादम पन्नास पावलांवर उभा होता. सहदेवने त्याच्याकडे पाहिलं. ते हसू त्याला आठवलं. 'डबीत थोडं जास्त तेल ठेवतो, भागेल,' असं स्वतःशी म्हणत त्याने फडकं घडी करून फेकून दिलं. शेवंतीलाही तो काही बोलला नाही.

सोमवारी पौषातली पौर्णिमा होती. खाडीला उधाण यायचं होतं. सकाळी थंडी अशी की माणसं तोंडातून वाफ सोडत कामाला आलेली. सहदेवने डब्या काठोकाठ भरल्या, तानाजीने आग वाढवली, चाक फिरू लागलं आणि पंपाच्या नळातून मनगटाएवढी, मग मांडीएवढी धार बांधाबाहेर पडू लागली. खड्ड्याचा तळ उघडा झाला तसे पाथरवट खाली उतरले. त्यांचा म्होरक्या परशुराम जुन्नरकडचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याची बायको सगुणा वर चुना कालवायला होती.

पायाचा मोठा दगड तीन खांबांच्या तिवईवरून साखळीने खाली सोडत होते. दहाची आगगाडी खाडीच्या पुलावरून धडधडत गेली, आणि तिचा आवाज विरतो न विरतो तोच साखळीची कडी तुटली. दगड तळापासून हातभर वर होता तो सरळ पडला. बाकीचे बाजूला उड्या मारून वाचले. परशुरामचा डावा पाय गुडघ्याखाली दगड आणि खडक यांच्यात सापडला.

त्याची किंकाळी गाडीपर्यंत आली. सहदेव काठावर धावला. परशुराम खाली बसल्यासारखा अडकला होता, दोन्ही हातांनी दगड ढकलत होता. माणसांनी पहारी लावल्या. खड्डा अरुंद, चौघांच्या वर तिथे मावत नव्हते, आणि चौघांच्याने तो दगड हलत नव्हता. ओल्या खडकावर पहारी घसरत होत्या.

"दुसरी साखळी ठाण्याच्या वखारीत हाय!" मुकादम ओरडला. "होडी काढा! पळा!"

होडी सुटली. जाऊन यायला दीड तास तरी लागणार होता. भरती चढत होती आणि पुरती भरायला तीन तास होते. सगळ्यांनी एकदा बांधाबाहेरच्या पाण्याकडे पाहिलं, एकदा पंपाच्या धारेकडे. पंप चालतोय तोवर परशुरामला भीती नाही, एवढं तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

आणि तेव्हाच सहदेवला तो आवाज ऐकू आला.

बारीक होता. कोणीतरी दूरवर पाटीवर नख ओढावं तसा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा यायचा. सहदेव मागे फिरला. पट्टा पाहिला, ठीक होता. आगीच्या बाजूच्या उजव्या वाटीला हाताची मागची बाजू लावली, कोमट होती. डाव्या वाटीला लावली आणि हात झटकून मागे घेतला. कातडी भाजली होती. डबीचं झाकण उघडलं, तर डबी काठोकाठ भरलेली. सकाळी भरली होती तशीच. एक थेंबही खाली गेला नव्हता. त्याने चिमट्याने वात उपसून काढली. तिच्याभोवती पांढरा, घट्ट थर बसला होता. गोठलेल्या तुपासारखा.



'मला माहीत होतं,' एवढंच त्याच्या मनात आलं. मग ते मनाबाहेर ढकलून तो विचार करू लागला. गाडी थांबवली तर पितळ आवळून तापलेला आस पकडणार, आणि मग आज गाडी फिरायची नाही. अशीच जोरात चालू ठेवली तर पितळ वितळणार. तेव्हाही तेच. एकच वाट उरत होती. त्याने वाफेची चावी अर्ध्यावर आणली. चाक मंदावलं. धार निम्मी झाली.

खड्ड्यातून लगेच आरडाओरडा सुरू झाला. "पाणी चढतंय! अरे, पाणी चढतंय!"

"तानाजी, तेलाचा डबा आगीच्या तोंडाशी धर," सहदेव म्हणाला. "उकळू देऊ नको. नुसतं पातळ होऊ दे."

"पण दादा, धार..."

"धर म्हणतो ना!"

मुकादम धापा टाकत वर आला. "गाडी मंद का केलीस? डोकं फिरलं काय तुझं?"

"आस तापलाय. जोरात चालवली तर धरेल."

"माणूस बुडतोय खाली! चावी सोड."

"थांबली तर पुन्हा फिरायची नाय, मुकादम. मंद चालली तर चालत राहील."

मुकादमाने स्वतःच चावीकडे हात नेला. सहदेव मधे उभा राहिला. आयुष्यात त्याने कोणाच्या अंगावर हात टाकला नव्हता, पण त्या वेळी त्याच्या हातात हातभर लांब पाना होता आणि तो त्याने खाली ठेवला नाही.  मग मुकादमाची नजर चिमट्यातल्या त्या पांढऱ्या वातीवर गेली. तो वळला, आणि हंडे, घमेली, मिळेल ते घेऊन बायाबाप्यांना काठावर रांगेत उभं करायला धावला.

तानाजीने गरम केलेलं तेल सहदेवने वातीच्या भोकातून सरळ आत ओतलं. भसकन धूर उठला. जळक्या मोहाचा उग्र वास पसरला. आवाज थोडा खाली आला, आणि पाच-दहा फेऱ्यांनी पुन्हा वर चढला. हे तेल पातळ करून टिकणार नव्हतं, थेंब पडला की जळून जात होता. आता वाटीची पकड सैल करायला हवी होती. तिच्यावरचे नट अर्धा फेरा सोडायचे. थांबलेल्या गाडीवर हे काम पोराटोरानेही केलं असतं. पण इथे हातभरावर लोखंडी दट्ट्या गुडघा वाकवावा तसा पुढे-मागे मारत होता, त्यात सापडला तर कोपरापासून हात जाणार.

सहदेवने बंडीची बाही दंडावर घट्ट गुंडाळली. दट्ट्या मागे गेला की पाना नटावर बसवायचा, पुढे यायच्या आत हात काढायचा. पहिल्यांदा पाना निसटला. दुसऱ्यांदा बसला पण नट हलला नाही. तिसऱ्यांदा त्याने पान्याला हिसका दिला आणि नट करकरत चतकोर फिरला. अशा किती खेपा झाल्या त्याला आठवत नाही. दोन्ही नट सैल झाले तेव्हा त्या थंडीत त्याच्या पाठीवरून घाम वाहत होता. आणि वाटीतून येणारं किंचाळणं थोडं दबलं होतं.

शेवंती रांग सोडून त्याच्याजवळ आली होती. तिच्या अंगावर चिखल होता.

"अवो, परशुरामच्या कंबरेच्या वर पाणी गेलंय," ती म्हणाली. "सगुणा खाली उतरलीय. त्याला धरून बसलीय."

सहदेवने तिचा दंड धरला. "शेवंते, कळव्यात जा. घराघरात एरंडेल असतं. पोरांना पाजायला ठेवतात, बाळंतिणीला लावतात. जेवढं मिळेल तेवढं आण. दिव्याचं नको, करंजाचं तर नकोच. एरंडेलच."

"काय म्हणून मागू?"

"माणूस वाचवायचाय म्हणून माग."

ती पदर खोचून पळाली.

पुढचा तासभर सहदेवने काय केलं हे सांगायला फार नाही. त्याने हात वाटीवर ठेवला, उचलला, तेल ओतलं, कान दिला. चाक आणखी मंद केलं, मग धीर करून थोडं वाढवलं, मग पुन्हा मंद. प्रत्येक वेळी धार बारीक झाली की खालून शिव्या येत, आणि मोठी झाली की कोणी काही बोलत नसे. हंड्यांची रांग अखंड चालली होती. मधूनच तो दोन पावलं काठापर्यंत जाऊन खाली बघे. परशुरामच्या छातीपर्यंत पाणी होतं. सगुणा त्याच्या पाठीमागे गुडघे टेकून बसली होती, त्याचं डोकं तिने आपल्या खांद्यावर घेतलं होतं. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. ती वर बघत होती, नळाच्या तोंडाकडे. एकदा तिची नजर सहदेववर पडली.

"दादा, बंद नका पडू देऊ," ती म्हणाली. ओरडून नाही, नुसतं सांगावं तसं.

 तो परत गाडीपाशी गेला.

शेवंती आली ती एकटी आली नाही. तिच्यामागे गावातल्या सात-आठ बाया होत्या, कोणाच्या हातात बाटली, कोणाकडे वाटी, एकीच्या हातात तान्ह्या पोराला पाजायची चांदीची बोंडली. त्यांच्यात एक आवडाबाई म्हणून आगऱ्यांची म्हातारी सुईण होती. तिने झाकणबंद बरणीत शेरभर एरंडेल आणलं होतं.

सहदेवने एकेका भांड्यात बोट बुडवलं. तळहातावर चोळलं, वास घेतला. हे चांगलं. हेही. एक वाटी त्याने बाजूला केली.

"माझ्या तेलाला काय झालं?" वाटीवाली तटकन म्हणाली.

"दिव्याचं आहे, वहिनी. चालायचं नाय."

"आईने हेच पाजलं गो सगल्यांना," ती पुटपुटली, पण वाद घातला नाही. आवडाबाईने आपली बरणी त्याच्यापुढे केली. सहदेवने थेंब बोटावर घेतला, वर उचलला, आणि तो थेंब मधासारखा लांब तार धरून खाली आला. घाण्यावर दाणा चांगला निघाला की वडील अशीच तार धरून दाखवत. "म्हातारे, हे सोनं आहे," तो म्हणाला.

"सोना कशाला, तेल हाय. घाल लवकर."

त्याने गाळून न बघता ते गाडीच्या वाटीत सोडलं. धूर आला, कमी झाला, थांबला. पाचेक मिनिटांत किंचाळणं मिटून फक्त घुमणं राहिलं. सहदेवने हाताची मागची बाजू लावली. भाजत होतं, पण आता श्वास दोनदा घेईपर्यंत हात ठेवता येत होता.

तेवढ्यात होडी लागली. साखळी आली. पण आता पेच नवा होता. दगड पुरता पाण्याखाली गेला होता, परशुरामच्या गळ्याशी पाणी लागलं होतं. गढूळ पाण्यात साखळी दगडाभोवती घालताना ती कुठे बसते ते दिसत नव्हतं. चुकीच्या बाजूने उचलला तर दगड कलंडून परशुरामच्या अंगावरच येणार.

मुकादम काठावरून हाक मारत आला. या वेळी त्याचा आवाज वेगळा होता. "सहदेवा, पाणी हातभर उतरव रे. दगडाचं डोकं तेवढं दिसू दे."

"किती वेळ?"

"पाव तास. जास्त नाय."

भरतीचं पाणी बांधाला बरंच चढलं होतं, आत येणाऱ्या पाण्याचा जोर वाढतच होता. हातभर उतरवायचं तर गाडी पुऱ्या जोराने पळवायला हवी. पाव तास पितळ टिकेल का? सहदेवला खरंच ठाऊक नव्हतं. विचारायला अण्णा नव्हते. "तानाजी, आग वाढव," तो म्हणाला, आणि त्याने चावी पूर्ण उघडली.

चाक घरघरलं, मग घुमू लागलं. नळातून धार उसळली. सहदेव वाटीशेजारी वाकून उभा राहिला आणि आवडाबाईच्या बरणीतलं तेल बारीक धारेने आत सोडू लागला. ना जास्त, ना कमी. जास्त झालं तर वाहून जाणार, कमी झालं तर जळणार. धार एकसारखी पडायची तर कोपर टेकायला हवं होतं, आणि टेकायला जागा एकच होती. वाफेच्या नळीवर. त्याने गोणपाटाची घडी नळीवर टाकली आणि कोपर टेकलं. थोड्या वेळाने गोणपाट तापलं. मग करपायला लागलं. शेवंती पुढे झाली तर तो मान न हलवता म्हणाला, "दुसरी बाटली आण. माझ्याकडे बघू नको."

खालून ओरडणं आलं, "उतरतंय! वीतभर उतरलं!"

वाटी पुन्हा किंचाळू लागली. आधी कधीतरी, मग दर फेऱ्याला.

"दगड दिसला! साखळी घाला, साखळी!"

सहदेवच्या कोपराची कातडी जळत होती. ती जळतेय हे त्याला कळत होतं, पण दुसऱ्याच कोणाचं तरी दुखणं असावं तसं लांबून. त्याचा सगळा जीव कानात होता. वाटीतला आवाज बदलला, किंचाळण्यात घरघर मिसळली. म्हणजे पितळेचे तुकडे निघत होते. अजून किती फेरे?

"ओढा! एक... दोन... ओढा!"

तिवई करकरली. खाली पाण्याचा मोठा आवाज झाला.  आणि मग सगुणाचं रडणं ऐकू आलं. सहदेवला वाटलं, संपलं. पण माणसं हसतही होती, ओरडतही होती, आणि चार जणांनी उचलून परशुरामला काठावर आणलं तेव्हा त्याचा जीव होता. पाय भलत्याच कोनात वळला होता, पण तो शुद्धीवर होता आणि पाणी मागत होता.

सहदेवने लगेच गाडी थांबवली नाही. सगळे खड्ड्यातून वर आले, मोजून झाले, तरी तो चावी थोडी थोडी मिटत राहिला. शेवटी चाक आपलं आपण थांबलं. तानाजीने त्याला हात लावून ढकलून पाहिलं. दोघांनी मिळून ढकललं. चाक हललं नाही.

दहा दिवसांनी अण्णा उठून आले आणि त्यांनी गाडी उघडली. डाव्या वाटीचं पितळ अर्धं खाल्लं गेलं होतं, उरलेलं आसाला चिकटलं होतं. त्यांनी ते बराच वेळ हातात धरून पाहिलं. "हिच्यावर एवढी चालली?" त्यांनी विचारलं. सहदेवने मान हलवली.  मोहाच्या तेलाचा डबा अण्णांनी मुकादमाच्या देखत स्वतःच्या हाताने मातीत ओतला.

लोक सहदेवला वाखाणू लागले होते. धक्क्यावर, गावात, होडीवर. त्याला ते ऐकवत नसे. जळलेल्या कोपराला शेवंती रोज लोणी लावायची, आणि एका सकाळी लावता लावता तिने विचारलं, "तुम्ही झोपत का नाय? हात दुखतो?"

तेव्हा त्याने तिला सांगितलं. डब्याचं, मुकादमाच्या हसण्याचं, शनिवारच्या फडक्याचं. शेवंतीने सगळं ऐकून घेतलं. "परशुरामाला सांगून या," ती म्हणाली. "लोक सांगायच्या आधी तुम्ही सांगा."

परशुराम आपल्या झोपडीत बाजेवर पडला होता. हाडवैद्याने पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. सहदेवला पाहून तो कोपरावर उठू लागला. सगुणाने पाट दिला, गुळाचा खडा आणि पाणी पुढे ठेवलं. सहदेवने पाण्याला हात लावला नाही. उभ्याउभ्याच त्याने सांगून टाकलं.

परशुराम ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

"मंग बोलला का न्हाईस?" त्याने विचारलं.

"बोललेलो. मुकादमाला."

"काय म्हनला त्यो?"

"हसला."

"आन् मंग?"

सहदेवने खाली पाहिलं. "मग नाय बोललो."

"येकदाच बोललास?" परशुराम म्हणाला. "आमी समदी खाली उतरत हुतो, अन् तू येकदाच बोललास?"

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. सगुणा दारापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते. "दादा, तुमीच त्यान्ला वाचवलं, ह्ये मी इसरनार न्हाई," ती म्हणाली. "पर आता थोडं दिस हिकडं येऊ नगा."

सहदेव गेला नाही. पाऊस पडायच्या आत पाया भरून निघाला, धक्का पुढे सरकला. नवीन पितळ घालून गाडी पुन्हा चालू झाली. अण्णांनी गाडीची चावी कायमची सहदेवकडे दिली आणि आपण घरी बसले. मेस्त्री म्हणून सहदेवचा लौकिक काही गोड झाला नाही. तेल वाईट आलं की तो दहा जणांसमोर सांगे. कोणी हसलं तर पुन्हा सांगे. ठेकेदारापर्यंत जाई. तेल बदलून येईपर्यंत आगीला काडी लावत नसे, सगळं काम खोळंबलं तरी. भांडकुदळ तेली म्हणून त्याची कुचेष्टा व्हायची आणि दोनदा त्याला काढून टाकायची भाषाही झाली. शेवंती वैतागून म्हणे, आधी बोलत नव्हते, आता थांबत नाहीत.

पुढच्या वर्षीच्या माघात ठाण्याच्या बाजारात शेवंतीबरोबर भाजी घेताना त्याला मागून काठीची टकटक ऐकू आली. परशुराम होता. पाय आखडलेला राहिला होता. शिडीवर चढायचं काम आता त्याच्याकडून होत नव्हतं, पण बसून तो जाती, पाटे-वरवंटे घडवायचा आणि बाजारात आणून मांडायचा. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. शेवंती दोन पावलं बाजूला झाली.

"कोपर कसं हाय?" परशुरामने विचारलं.

सहदेवने बाही वर करून दाखवलं. कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. "वाकतंय. पाय?"

"ह्यो वाकत न्हाई." परशुराम किंचित हसला. मग गंभीर झाला. "भांडतोस म्हनं लई."

"होय."

"भांड," परशुराम म्हणाला.

त्याने काठीने आपल्या मांडलेल्या मालाकडे खूण केली. शेवंती वाकून एक पाटा उचलून पाहत होती, बोटाने त्याच्या टाकीच्या खुणा चाचपत. परशुराम तिच्याकडे वळला. "वहिनी, त्यो नगा घेऊ, त्येला बारीक चीर हाय. ह्यो घ्या," असं म्हणून त्याने दुसरा पाटा पुढे केला, आणि तो पाय लांब करून, ती दोघं उकिडवी, अशी तिघंही त्या पाट्याशी बसली.